काळ्या ताटलीतला अक्रोड

पाच
भाजलेलं बीट, आंबट साय, अक्रोडाची भरड

ताटली नळाखाली जाणार, एवढ्यात मावशीचा हात थांबला.

ताटली काळी होती. तिच्यात बिटाचा लाल डाग, सायीचा पुसट फराटा आणि त्यावर सात-आठ तपकिरी कण. मावशीने एक कण रबरी हातमोज्यातल्या बोटांत चुरडला. तेल सुटलं. पातळ साल रबराला चिकटली. पावाच्या चुऱ्याला साल नसते.

या रेस्टॉरंटात बाकी सगळ्या ताटल्या राखाडी. काळी फक्त एकाच कामाला: ज्या पाहुण्याला एखादा पदार्थ विषासारखा बाधतो, त्याचं जेवण काळ्या ताटलीत. आज काळ्या ताटल्या एकाच टेबलाला जात होत्या, चार नंबरच्या. त्या टेबलापुढे स्वयंपाकघरातल्या फळ्यावर सकाळपासून लिहिलेलं होतं: अक्रोड नको. जिवाला धोका. बाकीच्यांना बिटावर अक्रोडाची भरड, चार नंबरला राई नावाच्या थंड देशातल्या धान्याच्या काळ्या पावाचा भाजलेला चुरा.

आणि आत्ता, भिंतीपलीकडे, चार नंबरच्या बाई फरशीवर पडून श्वासासाठी तडफडत होत्या.

मावशी सकाळपासून वेगळ्याच गोष्टीवर धुसफुसत होती. बारमधले ते बोटाएवढे ग्लास. आठवडाभर तेलकट येत होते. त्यांच्यावर पाणी सरळ ओघळायचं सोडून थेंबाथेंबाने अडून बसायचं. आजचेही तसेच आलेले, बाजूच्या क्रेटमध्ये पडून होते. पण आता ग्लास बघायला कुणाला सवड होती?

“अक्रोड!” मावशी ओरडली. “काळ्या ताटलीत अक्रोड आहे! डॉक्टरांना सांगा!”

तिचा आवाज फुटलेल्या काचेसारखा सगळीकडे पोचला. बाहेर कुणीतरी तोच शब्द फोनमध्ये पुन्हा उच्चारला. ओरडून झाल्यावर मावशीच्या लक्षात आलं, की काळी ताटली या हॉटेलात एकच माणूस भरतं.

तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

मालकीणबाईंच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. ताटली मावशीच्या हातात होती. नळ चालूच होता.


सहा
(वाढलाच नाही)

अँब्युलन्स गेली. बाकीचे पाहुणे आपापले कोट उचलून, अर्धपोटी आणि पूर्ण घाबरून निघून गेले. दुपारचे दोन वाजले होते. उत्तरेकडच्या थंड देशांच्या पद्धतीचं हे रेस्टॉरंट: फिकट लाकूड, दगड, खुर्च्यांवर मेंढीची कातडी, भर दुपारीही प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती. भिंतीवर एक चित्र नाही. पहिल्या दिवशी मावशी म्हणाली होती, “सामान यायचंय का अजून?” शेफने महिनाभर ते ज्याला त्याला हसत सांगितलं होतं. आज कुणी हसत नव्हतं.

मालकीणबाईंनी सगळ्यांना बारपाशी उभं केलं. सगळे म्हणजे पाच जण.

शेफ, दाढीला पीठ लागलेला, हात कुठे ठेवावेत ते न कळणारा.

हसरी, वाढण्याचं काम करणारी. हसणं तिच्या कामातच होतं, म्हणून हे नाव. आत्ता तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

बारच्या पलीकडे प्रोफेसर. पन्नाशीचा बारटेंडर, पेल्यात काय ओततो त्यावर तासभर बोलू शकणारा. कॉलेजात कधी शिकवलं नव्हतं. टोपणनाव सवयीवरून पडलेलं.

चिमटी, मावशीची भाची. दिवसभर हातात चिमटा. पानं, फुलं, शेपूच्या काड्या एकेक करून मांडायच्या. काळी ताटली तिची.

आणि मावशी. एकीची मावशी होती, ती चार वर्षांत सगळ्यांची झाली.

“हॉस्पिटलमधून फोन होता,” मालकीणबाई म्हणाल्या. “बाई बेशुद्ध आहेत. घशात नळी घातली आहे. पाच वाजता अधिकारी येतील. आज काय काय वाढलं, कुणाच्या हातून गेलं, ते मला लिहून द्यायचं आहे.” त्यांनी छापलेला मेनू बारवर ठेवला, आठ पदार्थांचा. “पाचव्यापुढे एक नाव लिहावं लागेल.”

“मी राईचाच चुरा घातला,” चिमटी म्हणाली.

“डबे शेजारी शेजारी असतात,” शेफ म्हणाला.

“झाकणावर लाल पट्टी आहे, शेफ! मी आंधळी नाही.”

“घाईत होतं कधीकधी.”

“चार वर्षांत एकदा तरी झालंय?”

प्रोफेसरांनी हळूच पाण्याचा ग्लास चिमटीपुढे सरकवला. “शांत हो. चूक माणसाच्याच हातून होते. लपवली नाही, तर हलकी होते.”

चिमटी पाण्याकडे नाही, मावशीकडे बघत होती. आणि मग ती जे बोलली ते इतक्या हळू बोलली, की बाकीच्यांना ऐकू गेलं नसावं. मावशीला मात्र गेलं.

“तू धुवायची होतीस.”

बाई गेल्या, तर या पोरीला तुरुंग. वाचल्या, तरी कुठल्याच स्वयंपाकघराचं दार तिला उघडणार नाही. आणि हे सगळं मावशीच्या एका ओरडण्यामुळे. मावशीने पदर खोचावा तसा ऍप्रनचा बंद आवळला.

“पाचपर्यंत वेळ आहे ना, बाई?” ती म्हणाली. “मग तोपर्यंत कागदावर काही लिहू नका.”

“तुम्ही काय करणार, मावशी?”

“माणसं तोंडाने काय सांगतात ते तुम्ही ऐका. ताटल्या काय सांगतात ते मला कळतं.”


एक, दोन, तीन, चार
(चार नंबरवरून परत आलेलं)

एक. मिठात मुरवलेली काकडी, धुरावलेला मासा. मासा संपलेला. काकडीची एक चकती उलटीपालटी करून तशीच. म्हणजे बाई नुसत्या जेवत नाहीत, तपासून बघतात. (त्या खाण्याबद्दल लिहितात, असं शेफ सकाळी म्हणाला होता. म्हणाला नव्हता, कण्हला होता.)

दोन. शेपूचं तेल घातलेलं थंड सूप. वाटी चाटूनपुसून साफ. शेपू कुणी मिटक्या मारत खाऊ शकतं हे मावशीला या हॉटेलात येईपर्यंत माहीत नव्हतं.

तीन. राईचा काळा पाव आणि लोणी. पाव अर्धाच परत आला. नाही, चुकलं. परत आलाच नाही. बाईंनी अर्धा तुकडा स्वतःच्या बाजूच्या बशीत ठेवून घेतला होता. हसरी म्हणाली होती, “बशी उचलू देत नाहीत, मावशी. पाव हवाय म्हणे, पुढे लागेल.”

चार. देवदाराच्या काड्यांवर वाफवलेले शिंपले. सगळे रिकामे. रस तसाच, कारण शिंपल्यातून पाव फिरवता येत नाही.

काळ्या ताटल्या चार. चारही मावशीने स्वतः घासल्या. चारही ताटल्यांत अक्रोडाचा मागमूस नव्हता.

मावशी आपल्या सिंकपाशी उभी राहून तिसऱ्यावर पुन्हा आली. पाव ठेवून घेतला. पुढे लागेल.

कशाला लागेल?


सात

हसरी मागच्या दाराशी, रिकाम्या खोक्यांवर बसली होती.

“पाचवी ताटली तूच उचललीस?”

“हो.”

“त्यात काय होतं?”

“मी बघितलं नाही, मावशी. त्या शेफना निरोप द्यायला सांगत होत्या, बीट फार छान झालंय म्हणून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.”

“मग?”

“मग बारच्या टोकाच्या फळीवर ठेवली, नेहमीसारखी. वळले, तर त्यांना खोकला. आधी वाटलं ठसका लागला. मग ओठ सुजायला लागले.” हसरीने स्वतःचे ओठ झाकले. “मी धावले. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, मावशी, अँब्युलन्स येईपर्यंत.”

“बाकीचे?”

“शेफ आणि चिमटी आतून पळत आले. मालकीणबाई तर तिथेच होत्या, शेजारच्या टेबलापाशी.”

“प्रोफेसर?”

“त्यांनीच तर फोन लावला अँब्युलन्सला. बारवरूनच. त्यांच्या जागी मी असते तर नंबरही सुचला नसता.”

मावशीने मान हलवली. “आणि चौथ्यानंतर लगेच पाचवा वाढलास?”

“नाही, मध्ये नेहमीचं. मग दहाएक मिनिटांनी पाचवा. का?”

“काही नाही. तोंड धू.”

शेफ थंड खोलीच्या दाराला टेकून उभा होता. मावशीला बघताच म्हणाला, “मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. दोन वर्षांपूर्वी त्या बाईने माझ्याबद्दल लिहिलं, ‘धूर फार, आग कमी’. मी ते वाक्य पाठ केलं. पण म्हणून मी कुणाला मारीन?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“म्हणाल.”

“शेफ, काळी ताटली बाहेर जायच्या आधी प्रत्येक गोष्ट तुम्ही चाखता. नियम तुमचाच आहे. आजचा चुरा कसा लागला?”

शेफ थंड खोलीच्या दाराची कडी उगाच चाचपत राहिला.

“चाखला नाही,” तो शेवटी म्हणाला. “मी दाराच्या फटीतून त्यांचं तोंड बघत होतो. शिंपले खाताना कसं तोंड करतात ते. चार वर्षांत पहिल्यांदा चाखलं नाही.”

“आणि ते सांगायला नको, म्हणून डब्यांचं काढलंत.”

शेफने खाली बघितलं. दाढीतलं पीठ अजून तसंच होतं.

“पावात शहाजिरे घालता का हो तुम्ही?” मावशीने मध्येच विचारलं.

“नाही. बारच्या दारूत असतं, पुन्हा पावात कशाला? आपल्या अख्ख्या स्वयंपाकघरात शहाजिऱ्याचा दाणा सापडायचा नाही. का?”

“सहज. त्यांच्या देशात घालतात असं तुम्हीच एकदा सांगितलं होतं.”

प्रोफेसर बार पुसत होते. पुसलेलाच बार पुन्हा पुसत होते.

“मावशी, बसा. कॉफी देऊ?”

“नको. तुम्ही फोन लावलात म्हणे. बरं झालं.”

“कुणीतरी लावायलाच हवा होता.” त्यांचा आवाज मऊ होता. “तुमच्यासाठी वाईट वाटतं हो. त्या मुलीला वास ओळखायला मी शिकवलं. हुशार आहे. तिला सांगा, कबूल कर. अनवधानाने झालं म्हणावं. वय लहान आहे, सांभाळून घेतात.”

“आणि केलंच नसेल तर?”

“मावशी,” प्रोफेसर हळू म्हणाले, “ताटली तुम्हीच दाखवलीत ना?”

घड्याळात पावणेचार झाले होते.


पुन्हा पाच

काळी ताटली थंड खोलीत, वरून प्लास्टिक ताणून, वेगळ्या कप्प्यात ठेवली होती. किल्ली मालकीणबाईंकडे. त्या आत आल्या, दार ओढून घेतलं, आणि दोघी त्या ताटलीपुढे उभ्या राहिल्या. एखाद्या आजारी मुलाच्या खाटेपाशी बायका उभ्या राहतात तशा.

“हात लावू नका हं, मावशी.”

“नाही लावत. तुमच्या फोनचा दिवा धरा. असा, आडवा.”

आडव्या उजेडात ताटली वेगळीच दिसली. साय पसरली नव्हती. कडेपासून मध्यापर्यंत तिच्यावर रुंद, सरळ पट्टे ओढलेले होते. एक, दोन, तीन. मध्ये काळी चिनीमाती स्वच्छ दिसत होती.

“पाव,” मावशी म्हणाली.

“काय?”

“पाव ठेवून घेतला होता त्यांनी. बीट आवडलं, मग पावाने ताटली पुसून खाल्ली. आपण घरी नाही का शेवटचा घास फिरवत? तसं.”

मालकीणबाई वाकल्या.

“आता अक्रोड बघा. कुठे आहेत?”

“पट्ट्यांवर.”

“पट्ट्यांच्या वर. पुसण्याआधी हे कण ताटलीत असते, तर पावाला चिकटून तोंडात गेले असते. निदान सरकले असते, सायीत भिजले असते. हे कोरडे आहेत. एकालाही बिटाचा लाल रंग नाही. आणि इथे, काठाशी,” मावशीचं बोट ताटलीपासून वीतभर वर थांबलं, “हा एक कण बघा. फुगलेला, लालभडक, सायीखाली अडकलेला. साल नाही. हा राईचा पाव. चिमटीने घातलेला.”

मालकीणबाईंनी फोनचा दिवा त्या कणाजवळ नेला.

“म्हणजे अक्रोड जेवण झाल्यावर कुणीतरी...”

“टाकला. ताटली फळीवर असताना. मी उचलायच्या आधी.”

“पण मग त्या बाईंना झालं काय? ओठ सुजले, श्वास कोंडला, ते काय खोटं? अक्रोड पोटात गेल्याशिवाय?”

मावशीने विचारलं, “प्लास्टिक जरा उचलाल? नुसता वास घेते.”

मालकीणबाईंनी एक कोपरा उचलला. मघाशी मावशीच्या हातात रबर होतं आणि नाकात साबण. आता दोन्ही नव्हतं. तिने वाकून श्वास घेतला.

बीट. साय. आणि त्याच्यावर तरंगणारा एक उग्र, गोडसर वास, जो या ताटलीत असायचं काहीच कारण नव्हतं.

शहाजिरे.

मावशी ताठ झाली. मग दार ढकलून जवळजवळ पळतच आपल्या सिंककडे गेली. मालकीणबाई मागून हाका मारत होत्या. मावशी क्रेटपाशी थांबली. बारचे छोटे ग्लास. बारा. दुपारची पंगतच मोडली, म्हणून मशीनमध्ये गेले नव्हते.

“बाई,” ती म्हणाली, “आठ पदार्थांचा मेनू छापलाय तुम्ही. पण पाहुण्याला मिळतं किती?”

“आठ. आठच.”

“मोजा.”

मालकीणबाई बोटांवर मोजायला लागल्या, आणि चौथ्या बोटावर थांबल्या.



वर आकडा नसलेला हा भाग मेनूत नव्हता. तो भेट असतो. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये बारकडून प्रत्येक टेबलाला बोटभर गार पेय, तोंड साफ व्हावं म्हणून. मागवावं लागत नाही. छापत नाहीत. अक्रोडाची सूचना स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लागते. बारमध्ये फळाच नाही. दारूत खायचं काय असणार?

पाच वाजायला वीस मिनिटं होती. मावशीने दोन ग्लास बारवर ठेवले. एक वाइनचा, एक छोटा. सगळे जमले होते. चिमटी सगळ्यांत मागे, भिंतीला पाठ लावून.

मावशीने जगमधलं पाणी वाइनच्या ग्लासावर ओतलं. पाणी पातळ पडद्यासारखं काचेवरून सरळ खाली गेलं. मग छोट्या ग्लासात ओतलं आणि ओतून टाकलं. आतल्या काचेवर थेंब राहिले. गोल, एकेकटे, न हलणारे.

“तेल आहे,” मावशी म्हणाली. “आठवडाभर मी साबणाला शिव्या देतेय. यातून पाण्यासारखं स्वच्छ पेय जातं ना, प्रोफेसर? मग तेल कुठून येतं?”

प्रोफेसरांचा फडका थांबला.

“लिंबाच्या सालीचं असेल.”

“लिंबाचं तेल एका धुण्यात जातं. हे जात नाही, आणि बोटाने घासलं की लोण्याचा वास येतो. तुम्ही इथे ग्लास थंड पाण्याने विसळून माझ्याकडे धाडता. थंड पाण्याने लोणी निघत नाही, प्रोफेसर. उलट घट्ट बसतं. जिने घरात एक कढई घासलीय तिला हे ठाऊक असतं.”

“लोणी?” शेफ म्हणाला. “दारूत लोणी?”

“लोणी एकटं नाही. ताटलीतल्या अक्रोडाला शहाजिऱ्याचा वास आहे. स्वयंपाकघरात शहाजिरे नाही, तुम्हीच सांगितलंत. ते फक्त इथल्या दारूत. म्हणजे हा अक्रोड आमच्या डब्यातला नाही. तो दारूत भिजून, गाळून, वाळलेला चोथा आहे. दारूत अक्रोड होता. ती दारू त्या बाई प्यायल्या. मग दहा मिनिटांनी त्या बीट खायला लागल्या, आणि आपण सगळे बिटाकडे बघत बसलो.”

हसरीच्या तोंडून चमत्कारिक आवाज आला. “मी विचारलं होतं,” ती म्हणाली. “चार नंबरला चालेल ना, म्हणून विचारलं होतं मी. तुम्ही मान वर न करता म्हणालात, दारूला कसली ऍलर्जी?”

टेबलांवरच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या.

“सगळे धावले,” मावशी म्हणाली. “एक माणूस जागेवर राहिला. फोन इथे आहे. ताटलीची फळी तिथे. मध्ये हातभर अंतर. मी तुम्हाला चोर म्हणत नाही, प्रोफेसर. पण ती बरणी दाखवा.”

प्रोफेसरांनी फडक्याची घडी करून बाजूला ठेवली. मग खाली वाकले. काचेची बरणी, तळाला तपकिरी भरड, मूठभर.

“चरबी निघून जाते,” ते म्हणाले. शिकवतानाचाच आवाज, पण आता तो कुणाला उद्देशून नव्हता. “लोण्यात अक्रोड परतायचा. दारूत ओतायचा. बर्फाच्या कपाटात रात्रभर. लोणी वर गोठतं, पापुद्रा उचलायचा, मग कागदातून गाळायचं. मागे काहीच राहत नाही, फक्त वास. काचेतून वर्तमानपत्र वाचता येतं, इतकं स्वच्छ. मला खरंच वाटलं, की आत काही नाही.”

“कधी कळलं?”

“ओठ सुजले तेव्हा. फोनवर ते विचारत होते, काय खाल्लं? काय खाल्लं? आणि माझ्या तोंडून शब्द निघेना.” त्यांनी मावशीकडे बघितलं. “अक्रोड म्हणणं भाग होतं. डॉक्टरांना कळायला हवं होतं. फळीवर ताटली होती, बरणी माझ्या हाताशी. वाटलं, कुणीतरी बघेल आणि ओरडेल. तुम्ही बघितलंत. तुम्ही ओरडलात. मी तोच शब्द फोनमध्ये सांगितला.”

“खरं तेच सांगितलंत,” मावशी म्हणाली. “फक्त दुसऱ्याच्या ताटलीत वाढून.”

“ती ताटली कुणाची, ते त्या क्षणी...”

“नंतर तर कळलं ना? तीन तास झाले. मघाशी तुम्ही तिला पाणी दिलंत. कबूल कर म्हणालात.”

भिंतीपासून चिमटी पुढे आली. प्रोफेसरांसमोर उभी राहिली. ती रडेल किंवा ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तिने फक्त तो पाण्याचा ग्लास, जो मघापासून तसाच भरलेला होता, उचलून त्यांच्यापुढे सरकवला.


आठ
गोठवलेलं दही, जंगली बोरं

अधिकारी बरोबर पाचला आले. बरणी घेतली, ताटली घेतली, बारा ग्लास कागदात गुंडाळून घेतले. मालकीणबाईंनी मेनूच्या कागदावर चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये पेनने एक ओळ वाढवली. तिच्यापुढचं नाव प्रोफेसरांनी स्वतः लिहिलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं.

साडेपाचला हॉस्पिटलमधून फोन आला. बाईंनी डोळे उघडले होते. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. कागद मागून घेतला होता. नर्सने त्यावरचा मजकूर वाचून दाखवला: ‘तो छोटा ग्लास कसला होता?’

शेफने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसत होता की रडत होता ते दाढीमुळे कळलं नाही.

मावशी सिंकपाशी परतली. घासायचं पुष्कळ पडलं होतं. थोड्या वेळाने शेजारच्या खुंटीवरची दुसरी हातमोज्यांची जोडी कुणीतरी काढली. चिमटीने मोजे चढवले, वाइनचा एक ग्लास घेतला आणि गरम पाण्यात बुडवला.

“मघाशी मी जे बोलले ना...”

“बुडाशी नीट घास.”

चिमटी घासत राहिली. मग म्हणाली, “एक विचारू? तुला तेव्हा माहीत होतं ताटली माझी आहे ते. मालकीणबाई यायच्या आधी. तुला एकदाही वाटलं नाही, धुऊन टाकावी?”

मावशीने हातातली वाटी उपडी केली.

“वाटलं होतं,” ती म्हणाली. “नळ चालूच होता.”

चिमटीने ग्लास खिडकीतल्या उजेडात धरला. पाणी काचेवरून सरळ, एका पडद्यात, खाली उतरलं.